मासोळीचे कान

पोचा दिसला की माझं डोकं फिरतं. मग तो कुणाच्या गाडीच्या दाराला असो, डब्याच्या झाकणाला असो, नाहीतर दुसऱ्याच्या घरच्या पातेल्याला. बोलणं अर्धवट सोडून मी आधी त्यावरून अंगठा फिरवते. वहिनी म्हणते, ताईंच्या हाती चंद्र दिला तर त्या आधी त्याचे खड्डे ठोकून काढतील. म्हणू दे. मला खोटं कौतुक जमत नाही आणि वाकडा पत्रा बघवत नाही.

माझं दुकान जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीचं आहे. जुन्या म्हणजे त्या काळातल्या, जेव्हा प्रत्येक वस्तूला आपण धावतोय असं वाटायचं. रेडिओ पावासारखा गोल, टेबलफॅनचं डोकं बंदुकीच्या गोळीसारखं, इस्त्रीच्या अंगावर वाऱ्याच्या तीन रेघा. पेन्सिलीला टोक करायच्या यंत्राला कुठे जायची घाई होती देव जाणे, पण त्याचंही नाक विमानाचं. मला हे सगळं वेड्यासारखं आवडतं. कोपरा नसलेली वस्तू हातात घेतली की माझा राग उतरतो, आणि माझा राग उतरणं ही आमच्या घरात किरकोळ गोष्ट नाही.

ही आवड घरातूनच लागली. लहानपणापासून आमच्याकडे असा गोल रेडिओ होता, तसलीच इस्त्री होती, भिंतीवरचं घड्याळही तसंच. ही हौस बाबांची, असं मी धरून चालले होते. चालण्यासारखंच होतं. बाबा मासोळीचे ड्रायव्हर.

मासोळी म्हणजे वाफेचं इंजिन, पण वाफेच्या इंजिनासारखं न दिसणारं. त्याच्यावर डोक्यापासून चाकांपर्यंत पत्र्याचा झगा चढवलेला, निळा आणि चंदेरी, पुढून माशाच्या तोंडासारखा गोल. कागदावर तिचं नाव दुसरंच काहीतरी होतं, पण लोकांनी तिला मासोळी म्हटलं आणि तेच राहिलं. ती धावायची बंद होऊन किती पावसाळे गेले, तरी इथली म्हातारी माणसं बाबांना रस्त्यात थांबवून विचारायची, "मासोळीवाले ना तुम्ही?" बाबा मान हलवायचे आणि चालू लागायचे. घरात विचारलं तर उत्तर एकच: "होती गाडी. चालवली."

आई मी रांगत होते तेव्हा अपघातात गेली. दादा तेव्हा नुकता बोलायला लागला होता, त्यालाही काही आठवत नाही. कसला अपघात, कुठे, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की बाबा उठून बाहेर जायचे आणि ज्या आत्याने आम्हाला वाढवलं तिच्या तोंडाला कुलूप. आई गेल्यावर बाबांनी थोड्याच महिन्यांत बदली मागून घेतली होती. आम्ही वाढलो दुसरीकडेच. बाबांची सगळी नोकरी मालगाड्यांवर गेली. दादाही पुढे रेल्वेत ड्रायव्हर झाला, त्याला इकडची नेमणूक मिळाली, म्हणून आम्ही पुन्हा या गावात आलो.

आणि इथल्या रेल्वे संग्रहालयाने मला बोलावलं. मासोळीला परत चालती करायची होती. आतलं यंत्र त्यांचे फिटर बघणार होते, झगा माझ्याकडे. जुन्या शाखामार्गाचा थोडा रूळ संग्रहालयाने राखून ठेवला होता, त्यावर ती धावणार आणि चालवणार दादा. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

खरं सांगायचं तर मला बाबांच्या तोंडून एक शब्द हवा होता. मी दुरुस्त केलेली एकही वस्तू त्यांनी कधी नीट पाहिली नाही. चकचकीत काही समोर धरलं की त्यांची नजर खिडकीकडे. कळायला लागल्यापासून मी त्या एका "छान झालंय"ची वाट बघत होते, आणि आता मनाशी ठरवलं होतं की मासोळी उभी करीन तेव्हा ते म्हणतीलच. म्हणून काम चालू असताना त्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही. एकदम दाखवायचं होतं. त्यांनीही विचारलं नाही.

वर्षभर मी त्या शेडमध्ये राबले. गंज काढला, खड्ड्यांत भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडली, सडलेला पत्रा कापून नवा जोडला. एका गोष्टीने मात्र मला पहिल्या दिवसापासून छळलं. धुराड्याच्या मागे, दोन्ही बाजूंना, कुणीतरी दोन पत्रे उभे ठोकले होते. रिव्हेट वाकडे, कडा तशाच धारदार, एक पत्रा दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच. एवढ्या देखण्या अंगावर ते म्हणजे राजपुत्राच्या डोक्याला रद्दीची टोपी. ज्याने हे ठोकलं त्याचे हात धरायला तिथे कुणी नव्हतं का, असं मी फिटरला विचारलंसुद्धा.

संग्रहालयाचे साहेब म्हणाले, मूळ आराखड्यात हे पत्रे नाहीत, पहिल्या फोटोतही नाहीत. नंतर कुणीतरी केलेला उपद्व्याप. ठेवायचे की काढायचे, तुम्हीच ठरवा.

"काढायचे," मी म्हटलं. "शोभा जाते."

ग्राइंडर मीच चालवला. दोन्ही पत्रे भंगारात गेले, भोकं बुजवली, घासली, रंगवली. हात फिरवला तर कुठे काही होतं असं कळणारही नाही. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

चाचणीच्या सकाळी मी दादाच्या केबिनमध्ये चढले. फायरमन भट्टीत कोळसा ओढत होता. उद्घाटनाला अजून आठवडा होता, बघायला कुणी नव्हतं, फक्त आमची वहिनी पुढे फाटकापाशी जाऊन थांबली होती, तिला फोटो काढायचे होते. मासोळी हलली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी कोळशाच्या माथी मारलं. दादा नुसता हसत होता.

वळण संपलं. पुढे सरळ रूळ आणि लांबवर फाटक. दादाने वाफ बंद केली, गाडी आपल्या वेगाने तशीच पुढे जाऊ दिली.

आणि समोरचं सगळं गेलं. वाफेचा जोर होता तोवर धूर वर उडत होता. जोर गेला तसा तो त्या गुळगुळीत झग्याला बिलगला, पाठीवरून सरपटत आला आणि खिडकीवर पसरला. रूळ नाही, फाटक नाही, आभाळ नाही. मी खोकले. दादा खिडकीबाहेर वाकला, पुन्हा आत आला, आणि त्याने ब्रेक लावला, सगळा. फायरमन फावड्यावर आपटला.

गाडी थांबली. धूर हळूहळू विरला. दादा म्हणाला, न दिसणाऱ्या रस्त्यावर मी गाडी नेत नाही. मी खाली उतरले. का, तर एवढ्या धक्क्याने नाकाच्या जोडाला तडा गेला नाही ना, हे बघायला. माणसाच्या डोक्यात ऐन वेळी काय असेल सांगता येत नाही.

नाकापाशी गेले तर तिथे वहिनी उभी. रुळांच्या मधोमध, रस्ता ओलांडायला टाकलेल्या फाटकाच्या फळ्यांवर, मोबाइल दोन्ही हातांत समोर धरलेला. मोबाइल आणि मासोळीच्या नाकामध्ये माझा तळहात जेमतेम गेला असता.

ती हसत होती. "केवढं जवळ आणून थांबवलीत," म्हणाली. तिला वाटलं दादाने गंमत केली. मोबाइलमध्ये गाडी लांबच दिसत होती, आणि नवरा चालवतोय म्हटल्यावर त्याने आपल्याला पाहिलेलं असणारच. मग तिला माझा चेहरा दिसला. मग मागून धावत आलेल्या दादाचा. ती तिथेच फळीवर बसली. तिला हात द्यायलाही मी पुढे झाले नाही.

दुपारी घरी आलो. बाबांना सांगायचं नाही, असं दादाने वाटेत बजावलं होतं. पण वहिनीच्या हातातला चहा बशीत सांडायला लागला आणि बाबांनी विचारलं, काय झालं गं? तिचा बांध फुटला. मासोळी चालवून बघत होतो, धूर खाली आला, ह्यांना मी दिसलेच नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. मासोळी परत चालती होतेय हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्याबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले,

"कान कुठे गेले?"

मला कळेना. कसले कान?

"धुराड्यामागचे दोन पत्रे. ते असले तर धूर खाली येत नाही. कुठे गेले?"

मी काढले, असं मी सांगितलं. मूळचे नव्हते. कुणीतरी अडाण्याने ठोकलेले होते, बाबा.

"मी ठोकले होते," बाबा म्हणाले.

पुढचं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं, न थांबता, जणू इतकी वर्षं मनात रोज एकदा म्हणून पाठ झालेलं. मासोळी नवी आली तेव्हाच ड्रायव्हरांनी तक्रार केली होती की वाफ बंद केली की काही दिसत नाही. कारखान्यातून उत्तर आलं, तिच्या अंगावर काही लावता येणार नाही, शोभा जाते. आईला ती गाडी फार आवडायची. घरातला गोल रेडिओ तिने हट्टाने आणलेला, इस्त्री तिची, घड्याळ तिचं. बाबांना त्यातलं काहीच कळायचं नाही. ती म्हणायची, मासोळी बघावी तर समोरून, नाकासमोर उभं राहून. म्हणून आम्हा दोघांना आत्याकडे ठेवून ती बाबांच्या पाळीला फाटकात जायची आणि फळ्यांवर मधोमध थांबायची. वळण संपलं की बाबांना ती दिसायची. ते दोन शिट्ट्या द्यायचे, ती बाजूला व्हायची आणि हात करायची. लग्नाला चार वर्षं झालेल्या नवरा-बायकोचा खेळ, दुसरं काय.

"त्या दिवशी वाफ मी जरा लवकर बंद केली. धूर खाली आला. मला वाटलं, आज ती आली नसेल. शिट्टी दिली नाही. ती शिट्टीची वाट बघत राहिली."

दादाने डोळे मिटून घेतले होते. मी बाबांच्या हातांकडे बघत होते, कुठेतरी बघायला हवं म्हणून.

तिला गाडीचं नेमकं काय लागलं, ते मी विचारलं नाही. मला ते विचारायची गरज नव्हती. नाकाच्या डाव्या बाजूला, खाली, जुन्या रंगाच्या आत लांबी भरलेला एक पोचा होता. एवढ्या वर्षांत कुणी तो ठोकून काढला नव्हता, नुसता बुजवला होता. मला त्या माणसाच्या आळशीपणाचा संताप आला होता. मी आतून ठोकळा लावून, लाकडी हातोडीने, एक अख्खी दुपार लावून तो वर आणला. गुणगुणत. मग त्यावर गाल टेकवून बघितलं होतं, उंचवटा राहिलाय का ते.

मी उठून मोरीत गेले आणि ओकले.

परत आले ती भडकूनच. माझा स्वभाव असा आहे की दुःखाच्या आधी राग येतो. मी बाबांवर ओरडले, म्हातारपणाची भीडभाड न ठेवता. म्हटलं, मी जन्मभर असल्याच वस्तू पुसत बसले, या घरात, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मला एकदा सांगायचं तरी.

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "तू तो रेडिओ पुसायला लागलीस की अगदी तिच्यासारखी दिसायचीस. तुला तिथून उठवू? आणि उठवून सांगू काय, की तुझी आई माझ्या गाडीखाली गेली?"

हवा होता तो शब्द मला कधीच मिळणार नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

बाबांना चौकशीत निर्दोष ठरवलं होतं. त्यानंतर त्यांनी आणि शेडमधल्या दोघा-तिघांनी, कुणाची परवानगी न घेता, ते पत्रे बसवले. पत्र्याचं काम त्यांना येत नव्हतं. वरिष्ठांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. बाबा पुन्हा मासोळीवर चढले नाहीत. कानांचा उपयोग होतो, असं इतर ड्रायव्हर सांगायचे. बाबांनी ते कधी डोळ्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की कान परत लागतील. ते बिचारे वाईट माणूस नाहीत, पण पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती, पत्रिकेवर "मूळ रूपात" असं छापलं होतं. ते म्हणाले, गाडी सावकाश चालवा, पुढे माणूस उभा करा. शोभेचा विचार करा हो, ताई, तुम्हीच तर म्हणाला होतात. दादा एवढंच म्हणाला, मग गाडी तुम्ही चालवा. तिथे विषय संपला.

मी नवे कान केले. सवयीने कडा दुमडल्या, पॉलिश केलं, झग्याच्या वळणाला वळण मिळवलं. बाबा त्या दिवशी शेडमध्ये आले. आपणहून, पहिल्यांदाच. मासोळीच्या नाकाकडे त्यांनी पाहिलं नाही. बाजूने, भिंतीला धरून ते धुराड्याखाली आले. माझं काम वर बसवलेलं बघून म्हणाले, इतके चिकटवू नकोस, झग्यात आणि कानात हात जाईल एवढी फट ठेव, हवा तिथूनच वर चढते. वर थोडे बाहेर वाकव. मी वाकवले. दिसायला ते वाईटच दिसत होते. मला काही वाटलं नाही, हेच मला नवीन होतं.

पुन्हा चाचणी ठेवली. वहिनीला घरी राहायला सांगितलं होतं आणि तिला ते सांगायची गरजही नव्हती. बाबांना शेडबाहेर खुर्चीवर बसवलं. निघताना मी मागे पाहिलं नाही. माझं लक्ष धुराड्यावर होतं.

वळण आलं. दादाने मुद्दाम वाफ लवकर बंद केली. धूर खाली वाकल्यासारखा झाला, कानांपाशी येऊन अडखळला आणि उचलला गेला. काच स्वच्छ. रूळ दिसत होता, फाटक दिसत होतं, फाटकाचा तांबडा रंगसुद्धा दिसत होता.

आणि फळ्यांवर मधोमध बाबा उभे होते.

खुर्चीवरून उठून, आडवाटेने, ते कधी तिथे पोचले कुणास ठाऊक. दोन्ही हात बाजूला सोडून, मान वर करून ते थेट आमच्याकडे बघत होते. दादाने ब्रेकही धरला आणि शिट्टीही दिली, एक, आणि लगेच दुसरी. बाबा बाजूला झाले. गाडी फाटकाच्या कितीतरी अलीकडे थांबली.

मी उडी टाकून धावले. त्यांना धरलं, हलवलं, बहुतेक रागाने काहीबाही बोललेही. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. दादा धापा टाकत आला तसं त्याला विचारलं,

"मी कुठून दिसलो तुला?"

"वळणावरूनच," दादा म्हणाला. "वळण संपल्या संपल्या दिसलात, बाबा. अगदी स्पष्ट."

बाबांनी वळणाकडे पाहिलं, मग त्या दोन पत्र्यांकडे. दोन पत्रे आणि मूठभर रिव्हेट. इतकी वर्षं त्यांनी स्वतःला समजावलं असेल की धुरापुढे कुणाचं काय चालतं. माझ्या हातातून त्यांनी दंड सोडवून घेतला.

"म्हणजे तीही दिसली असती," ते म्हणाले, आणि खाली फळीवर बसले.